एकवीस कुंड्यांचा सत्कार

"जाळ्यात मासा न्हाई, फुलं येऊन राहिली!" धापा टाकत सेवा अंगणात शिरला आणि त्याने हातातला ओला पाला साधनापुढे आपटला. फुगीर देठ, काळ्या मुळ्यांची दाढी आणि वर जांभळा तुरा!

"काय झकास फूल आहे!" दिवाळीच्या सुट्टीला नुकताच आलेला साधनाचा चुलतभाऊ माऊली म्हणाला.

"झकास? बाचं तोंड पाह्य जरा!"

सेवाचे वडील रामप्रसाद तांड्याखालच्या तळ्यात मासे धरत. यंदा तळ्याचा एक कोपरा या पाल्याखाली गेला होता आणि त्याच्या कडेने मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

"बा म्हणतो, असंच राह्यलं तर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊ. सगळेच."

सगळेच म्हणजे सेवासुद्धा. आठवीत गणितात साधनाच्या पुढे तो एकटाच होता. तो गेला की पहिला नंबर तिला आपोआप मिळणार होता. असला आयता नंबर साधनाला नको होता!

तिने दोघांना ओढतच हौदापाशी नेलं. हेच फूल तिच्या घरच्या हौदात डुलत होतं.

तिचे आजोबा व्यंकटराव माजी सरपंच. माणूस माजी झाला की कामं संपतात, सत्कार उरतात. पावसाळ्यात वारंगा फाट्यावरच्या अशाच एका सत्कारात त्यांना हाराऐवजी हे रोप मिळालं होतं. त्यांनी त्याचं 'लक्ष्मीकमळ' असं नाव स्वतःच ठेवलं आणि हौदात सोडलं. आता सुट्टीच्या शेवटच्या रविवारी ते एकवीस गावांच्या सरपंचांना लक्ष्मीकमळाची एकेक कुंडी देणार होते. एकवीस गावं, म्हणजे एकवीस तळी!

"पण हौद घरात अन् तळं दोन किलोमीटरवर," माऊली म्हणाला. "चालत गेलं काय?"

"आजोबांनी फेकलं असंल," सेवा म्हणाला.

"आजोबा? ते जुन्या निमंत्रणपत्रिकासुद्धा फेकत नाहीत!"

किती वाढतात ते पाहायला साधनाने हौदातली तीन रोपं एका टपात ठेवली आणि तिघं तळ्यापासून, त्याला मिळणाऱ्या ओढ्याने उलटे वर निघाले. अर्ध्या वाटेत काट्यांत एक रोप अडकलं होतं. त्याच्या पानांवर कुंकू होतं!

"वाहत आलेल्या फुलाला कुंकू कोण लावतं?" माऊलीचे डोळे गरगरीत झाले. "भूत!"

"भूत अक्षता पण वाहतं काय?" साधनाने पानाला चिकटलेले तांदूळ दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं घरामागे त्याच ओढ्याकाठी बोरीच्या आडोशाला दबा धरून बसले. पावलं वाजली. आल्या त्या चतुराबाई, साधनाची आजी! हातात तबक, तबकात कालच्या पूजेचं लक्ष्मीकमळ. त्यांनी हात जोडले आणि ते अलगद पाण्यात सोडलं.

"आजी!" साधना ओरडलीच. "हे रोज सोडतेस?"

"मग! देवाचं निर्माल्य उकिरड्यावर टाकू काय? वाहत्या पाण्यात सोडावं."

"मुळासकट?"

"देवापुढं अर्धवट ठेवतात व्हय गं?"

आजीचा हात धरून साधना तिला तळ्यावर घेऊन गेली. आजीने हिरवा कोपरा पाहिला, मेलेले मासे पाहिले, फाटलेलं जाळं शिवत बसलेला रामप्रसाद पाहिला.

"माझ्याच हातानं झालं?" एवढंच म्हणून ती काठावर खाली बसली.

आजोबांना समजावणं अवघड होतं. बाराव्या दिवशी साधनाने टप पुढे ठेवला. "तिनाची सात झाली, आजोबा!"

"म्हणजे बरकत!" आजोबा खूश झाले. "चांगल्या वस्तूत खोट काढू नये, पोरी."

कुंड्या लाल कापडाखाली झाकलेल्या होत्या. स्वतः उद्घाटन केल्याशिवाय आजोबा कापडाला कुणाला हात लावू देत नसत. शनिवारी दुपारी ते घोरत असताना परसात चौघांची धावपळ चालली होती. चौथी आजी होती आणि कुदळ तिच्याच हातात होती!

रविवारी मंडप भरला. आजोबांनी जांभळ्या फुलांचं रसभरीत वर्णन केलं आणि झोकात कापड ओढलं. खाली होती एकवीस कुंड्यांतली हिरवीगार हळद!

आजोबांनी कुंड्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे. चतुराबाई जागच्या उठल्या.

"हळदीहून मोठी लक्ष्मी आपल्याकडं कोणती? त्या जांभळीनं तळं गिळलं. माझ्याच हातानं गेली ती. इचारा या लेकरांना!"

मग साधना बोलली, सेवा बोलला आणि माऊलीने टप मिरवला. पहिल्या रांगेतल्या कृषी अधिकारी मॅडम उठून टपाजवळ आल्या. "ही जलपर्णी! या मुलांनी आज एकवीस तळी वाचवली!"

टाळ्या थांबेनात. चाळीस वर्षं मंचावर काढलेला माणूस टाळ्यांच्या विरुद्ध जात नसतो. आजोबांनी घसा साफ केला. "म्हणूनच मी ठरवलंय, उद्या तळ्यातल्या पाल्यावर पहिला विळा माझा!"

आणि तो खरंच त्यांनी मारला. गावातली अन् तांड्यावरची, दोन्हीकडची माणसं लोटली, चार दिवस पाला ओढून काठावर वाळत टाकला. हौदही रिकामा झाला. पाचव्या दिवशी रामप्रसादच्या जाळ्यात मासे फडफडले. ऊसतोडीच्या मुकादमाला तो म्हणाला, "न्हाई येत. पोरगं शाळंत हाय."

आजोबांनी तिन्ही मुलांचा सत्कार केला. आजीने सेवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हातात रोपाची कुंडी दिली.

सेवाने आधी ती उचलून खालून, वरून, चहूबाजूंनी नीट पाहिली. मगच पाया पडला.