एकशे बाराव्या पानावरचा ओढा

शेषप्पगौडा पुन्हा तो कडा चढायला निघाले, ते स्वतःच्याच पुस्तकाला खोटं पाडायला. कॉफीच्या मळ्यात राहून त्यांनी कन्नडमध्ये जंगलाची पुस्तकं लिहिली. त्यातल्या एकात, एकशे बाराव्या पानावर, छापलं होतं : ‘या ओढ्यात आता एकही बेडूक उरला नाही.’ धरणवाल्यांनी नेमकं तेच उचललं. मेलेला ओढा बुडवला तर कुणाचं काय जातं? सोमवारी धरणाची सुनावणी. छापलेल्या शब्दापुढे जिवंत पाण्याला कोण विचारतो!

सोबत होता मध काढणारा ओबय्या. पायथ्याशी गौडांनी जळवा लागू नयेत म्हणून नेहमीसारखा तंबाखू-चुना पायांना चोळायला घेतला. ओबय्याने डबीच काढून घेतली. मागच्या खेपेलाही गौडा असेच माखून ओढ्यात उतरले होते, तो म्हणाला. बेडूक कातडीने पाणी पितो, असल्या पाण्यात तो थांबेल कशाला?

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“तुम्ही लिहीत होता, गौडा. लिहिताना तुम्हाला ऐकू कुठे येतं?”

गौडा उघड्या पायांनी निघाले. जळवा पायांवर तुटून पडल्या. गुडघ्याखाली नुसतं रक्त! धबधब्याशेजारच्या शेवाळावर पाय सटकला. वेल धरली. वेल तुटली! ओबय्याचा मध काढायचा दोर सपकन आला, तो हाती लागला म्हणून गौडा वाचले. पुराव्यासाठी गळ्यात अडकवलेला कॅमेरा मात्र डोहात गेला.

वरती ओढा संथ होता. पाण्यावर झुकलेल्या एका पानावर अंड्यांचा काचेसारखा पुंजका होता आणि त्यावर अंगठ्याएवढा तपकिरी बेडूक बसला होता. तो मधूनच पाण्यात उतरे, भिजून परत येई, अंडी ओली करी. हेच पान का? आपली अंडी ओळखतो कशी? तासभर गौडा पोटावर पडून बघत राहिले.

मग त्यांचा हात झोळीतल्या बाटलीकडे गेला. पुरावा तर हवाच.

“न्या,” ओबय्या म्हणाला. “नर आहे. तो गेला की दुपारपर्यंत अंडी वाळतील.”

गौडांनी बाटली रिकामीच ठेवली.

सोमवारी ते उभे राहिले आणि भर सुनावणीत म्हणाले, माझं वाक्य चुकलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पुरावा मागितला.

“तो अंडी राखत बसलाय. त्याला मी उठवणार नाही. तुम्हीच उठा आणि तिथे चला.”

साहेबांनी गौडांच्या जळवांनी सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि निकाल थांबवून ओढ्याच्या पाहणीची तारीख दिली.