वळवणातली एकच काडी

भाग्यश्रीच्या द्राक्षबागेची मुळं कुजत चालली होती आणि दिंडोरीत कुणाकडेच उपाय नव्हता. उपाय होता पेठच्या पलीकडे, नकाशा जिथे हात टेकतो त्या वळवणाच्या जंगलात. तिथल्या आईवेलीचं मूळ कधी कुजत नाही म्हणे! तिची एक काडी आणायची, तिच्यावरून कलमासाठी नवे खुंट वाढवायचे आणि वडिलांनी लावलेली बाग वाचवायची, म्हणून आम्ही तिघं निघालो. भाग्यश्री, तिचे चिमाजीमामा आणि मी. मी तिचा नवरा, म्हणजे सामान वाहणारा.

रानाच्या तोंडाशी तिथलाच पुंजा वाटाड्या म्हणून मिळाला. "इथं पायवाट नाय," तो म्हणाला. "वेल बाजूला सरल तीच वाट. वेलीला लोखंड लावायचं नाय."

मामांनी लगेच मान डोलावली. मामांची मान फार स्वस्तात डोलते, हे मी लग्नाच्या बैठकीतच टिपून ठेवलं होतं.

पण काय ते रान! बाहेरच्या पट्ट्यात साग इतके उंच, की शेंड्यावरचे पक्षी ऐकू यायचे, दिसायचे नाहीत. मग ऊबदार दगडांचा पट्टा, जणू आत कुणीतरी चूल पेटवून ठेवलेली. मधून एक नदी, दुपारपर्यंत खाली वाहणारी आणि ऊन कललं की उलटी फिरून डोंगर चढणारी. आणि तिच्या काठाने एका रांगेत झाडं, प्रत्येकाच्या बुंध्यात गंजलेलं कुऱ्हाडीचं पातं.

"हे काय?" भाग्यश्रीने विचारलं.

"एका राजानं रान तोडाय माणसं धाडली व्हती. पहिला घाव बसला अन् कुऱ्हाडीच्या दांड्यांनाच पालवी फुटली. वाटा मिटल्या. माणसं इथंच ऱ्हायली." पुंजा हसला. "आमी त्यांचीच अवलाद!"

आईवेल एका खोलगट दरीत होती. तिचा बुंधा आमच्या घराएवढा! भाग्यश्रीने खाली ओंजळ धरली, आणि वेलीने आपणहून एक काडी टाकली. एकच. भाग्यश्रीने ती ओल्या फडक्यात अशी गुंडाळली, की मला बारशातल्या बाळाची आठवण झाली.

परतताना दरीच्या तोंडाशी मी मागे पाहिलं. मामांच्या हातात कात्री!

"मामा!"

कच्‌.

"अरे, फुटवा होता," मामा म्हणाले. "विनाकारण अन्न खात होता!"

चाळीस वर्षं द्राक्षं छाटायची सवय ती. पण समोरच्या वेली सळसळल्या. वाट मिटली! तोडलेला फुटवा पाहता पाहता काळा पडला. आणि खालून आवाज आला. ऊन कललं होतं. नदी दरीत चढत होती!

पाणी घोट्याला लागलं. गुडघ्याला. पुंजा वेली ओढत होता, त्या हलेनात.

"आता?" मी ओरडलो.

"आता काय? आमच्यावाणी इथंच संसार करा, वाचलात तर!"

मामा त्या जखमेकडे पाहत होते. कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "कलम बांधता येईल. पण जिवंत काडी पाहिजे."

जिवंत काडी एकच होती.

भाग्यश्रीने फडकं सोडलं.

"पोरी, तुझी बाग..."

"बाग बघायला घरी तर पोचलं पाहिजे ना! बांधा, मामा!"

मामांनी चाकू काढला. "पुन्हा लोखंड?" पुंजा दचकला. पण मामांचा हात आता कापायला नव्हे, सांधायला चालला होता. खाच घेतली. काडीला पाचर केली. बसवली. भाग्यश्रीने ओढणीची पट्टी फाडून दिली. पाणी छातीला! मामा पट्टी आवळत होते, एकेक वेढा, सावकाश, जणू स्वतःच्या मळ्यात उभे आहेत.

काडीवरचा डोळा फुगला. फुटला. हिरवं पान उलगडलं!

आणि वेली सरकल्या. आम्ही धावलो, धडपडलो, ऊबदार दगडांवर जाऊन पडलो. मागे वळून पाहणारा एकटा पुंजा. "आमच्या म्हाताऱ्यांना सांधायचं सुचलं असतं," तो म्हणाला, "तर मी आज पेठंत दुकान टाकून बसलो असतो!"

घरी परतल्यावर ती कुजलेली बाग भाग्यश्रीने स्वतःच उपटायला काढली. ट्रॅक्टर घेऊन मामा सगळ्यांच्या आधी हजर. कुंपणाच्या तारेवर कसलीशी रानवेल चढली होती. मामांचा हात सवयीने खिशात गेला. त्यांनी भाग्यश्रीकडे पाहिलं. हात रिकामाच बाहेर आला.

"राहू दे," ते म्हणाले. "कुणाची तरी वाट असेल."