पहिल्या रांगेतलं पोतं

शनिवारी दुपारी बाबाने मला गावात पिटाळलं. ग्रीसचा डबा, डिझेलचे दोन कॅन आणि खोकल्याच्या गोळ्या एवढंच आणायचं होतं. ऑक्टोबर संपत आला होता. टेकडीवरचे मेपल उघडे पडले होते. दुकानातल्या लॅम्बर्टने नेहमीचा टोमणा मारलाच.

"शाळा सोडून तीन वर्षं झाली ना गं लेना? अजून त्या म्हातारीलाच तेल चोळतेस?"

"तुमच्या शाळेत शिकलेले सगळे गोदामात खोकी उचलतात," मी म्हटलं. "मी निदान उंचावर असते."

"सोमवारपर्यंत अस," तो म्हणाला आणि गोळ्यांची पुडी माझ्याकडे सरकवली.

म्हातारी म्हणजे मेबल. आमच्या दरीतला लाकडी रोलर कोस्टर. शंभर वर्षांपूर्वी ट्राम कंपनीच्या मालकाने शेवटच्या थांब्यावर बाग काढली, म्हणजे रविवारी त्याच्या ट्राम रिकाम्या धावू नयेत, आणि त्या बागेत हा कोस्टर उभा केला. त्याला नाव दिलं बायकोचं. ती बायको त्यात एकदाही बसली नाही. ही गोष्ट सांगून आमच्याकडचे म्हातारे अजून खो खो हसतात. मला कधी हसू आलं नाही. बाईचं नाव घ्यायचं आणि बाईला विचारायचं नाही, ही इथली जुनीच पद्धत आहे. सहा दिवस जमिनीखाली कोळसा फोडणारी माणसं सातव्या दिवशी आकाशात जायला रांगा लावायची. मग खाणी बंद पडल्या. बहात्तर सालच्या पुरात मेबल कमरेपर्यंत बुडाली, तरी उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी बाग बंद झाली. बाकीचे पाळणे भंगारात गेले. मेबलला कोणी उचललं नाही आणि कोणी सांभाळलंही नाही. अपवाद एक, माझा बाप. एमिल वास्को, मेबलचा शेवटचा सुतार. आई त्याला सोडून ओहायोला गेली, तेव्हा जाताना म्हणाली होती, "सवत माणूस असती तर भांडले असते."

मी मेबलशी कधी भांडले नाही. माझं भांडण ओरिनशी होतं.

ओरिन फेटरमन, समोरच्या घरातला. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. बाबाने त्याला बोट धरून रुळावर चढवलं. कुठला बोल्ट वाजतो, कुठला बसका बोलतो, कुठल्या तुळईत पाणी मुरतं, सगळं त्याला शिकवलं. मी खाली उभी राहून मान वर करून बघायची. "मलाही ने," म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं, "तुझं वजन नाही भरत अजून."

हे वजनाचं प्रकरण सांगायलाच हवं. दर वसंतात बाग उघडायच्या आधी मेबलची गाडी तीन दिवस माणसांशिवाय पळवायचे. चोवीस जागा आणि चोवीस पोती वाळू. त्यातली सुतारांची पोती वेगळी असत. प्रत्येक सुतार स्वतःच्या वजनाएवढी वाळू भरून, दाभणाने तोंड शिवून, वर रंगाने आपलं नाव लिहायचा. आधी पोत्याने जायचं, मग आपण. पहिली रांग मुख्य सुताराची आणि त्याच्यानंतर काम ज्याच्या हातात जायचं त्याची. आणि सुतार मेला की त्याच दिवशी त्याचं पोतं फोडून वाळू मागच्या ओढ्यात सोडायची. हा नियम कोणी केला ते कुणाला ठाऊक नाही, पण तो कोणी मोडला नव्हता.

ओरिन गेला तो एप्रिलचा महिना होता. चढावर बर्फ होतं, पाय सरकला. एकोणीस वर्षांचा होता. बाबाने त्याचं पोतं फोडलं नाही.

मी डबे घेऊन फलाटावर पोचले तेव्हा ऊन टेकडीमागे चाललं होतं. सोमवारी पाडकाम करणाऱ्यांची यंत्रं येणार होती. बाबाला मेबल एकदा, शेवटची पळवायची होती. आणि मला पहिल्या रांगेत बसायचं होतं. बस्स. रोज पहाटे उठून मी तीन वर्षं त्या कुजक्या सांगाड्याला फळ्या ठोकल्या त्या एवढ्याचसाठी. सोमवारनंतर पहिली रांगच राहणार नव्हती.

पोती हातगाडीवरून आणून मी एकेक बसवली. पहिल्या रांगेत डावीकडे 'एमिल'. उजवीकडच्या, 'ओरिन' लिहिलेल्या पोत्याला हात घातला तर ते हलेना.

"बाबा, ह्यात काय भरलंस?"

"काही नाही."

मी ते कसंबसं ओढत फलाटावरच्या वजनकाट्यावर चढवलं. ओरिन बासष्ट किलोचा होता. दर वसंतात त्याचं वजन मीच वहीत लिहायची, म्हणून मला पक्कं आठवत होतं. काटा चौऱ्याहत्तरवर थांबला. शिवण जुनी होती, सुतळी काळी पडलेली. कोणी उसवल्याची खूण नव्हती.

"पंचवीस वर्षांचा झाला तो आता," बाबा खोकत खोकत म्हणाला. "अंग भरणारच."

त्याचा आवाज कसा होता सांगू? शेजारपाजारचे लोक आपल्या पोराच्या नोकरीबद्दल बोलतात ना, तसा.

"मी बसणार आहे त्या जागेवर," मी म्हटलं.

"ती जागा त्याची आहे."

"तो मेलाय बाबा."

"तुझं वजन नाही भरत, लेना."

मी पंचावन्न किलोची होते, वीस वर्षांची होते, आणि त्या क्षणी वाळूवर जळत होते. मेलेला पोरगा वाढतो, मोठा होतो, बापाकडून कौतुक करून घेतो. आणि मी जिवंत, तर माझ्यासाठी एक रिकामं पोतंसुद्धा कधी आणलं नाही म्हाताऱ्याने.

बाबा जनरेटर सुरू करायला गेला. मी कमरेची सुरी काढली आणि पोतं वरपासून खालपर्यंत फाडलं.

वाळू फलाटावर सांडली. थंडीत माझ्या तोंडातून वाफ निघत होती आणि ती वाळू… उबदार होती. आताच कोणी अंथरुणातून उठून गेल्यासारखी. तिच्यात घामाचा आणि राळेचा वास होता. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं. ती ओढ्यात नेऊन सोडायला हवी हे मला कळत होतं. पण जनरेटर गुरगुरायला लागला, आणि मी जाऊन उजव्या जागेवर बसले, दांडा मांडीवर ओढून घेतला.

ब्रेकच्या खांबापाशी बाबा पाठमोरा उभा होता. "सगळे बसले?"

"बसले," मी म्हटलं.

साखळीने गाडी पकडली. खट्… खट्… खट्. चढ संथ होता. खाली बाग लहान होत गेली, गंजलेलं कारंजं, तिकिटाची खिडकी, ओढ्याची काळी रेघ. फळ्या कण्हत होत्या, पण तुटत नव्हत्या. त्यातल्या निम्म्या मी ठोकल्या होत्या आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता. शेजारचं पोतं चढाबरोबर मागे रेललं. तंबाखूचा वास आला. बाबाचा. पोत्याला वास लागतो, मी स्वतःला सांगितलं.

माथ्यावर साखळी सुटली. एक क्षण काहीच आवाज नव्हता.

मग उतार आला, आणि माझ्या छातीवरून एक हात आडवा झाला.

जड, कोरडा हात. पुढे झुकलेल्याला मागे दाबून धरणारा. पहिल्या उताराला बाबा ओरिनला असाच धरायचा, खालून मी शंभरदा बघितलं होतं. मान वळवायची माझी हिंमत झाली नाही. आणि खरं सांगते, तो हात तिथून काढावा असंही मला वाटलं नाही. सगळी वळणं संपेपर्यंत तो तसाच होता. कानाशी कोणीतरी म्हणालं, "घाबरू नकोस… मी आहे… ओरिन…"

मी फक्त मान डोलावली.

गाडी फलाटाला लागली. बाबा लंगडत आला. त्याचे डोळे भरले होते. माझ्याकडे असं त्याने कधी बघितलं नव्हतं.

"उतर बाळा. कशी चालली? तिसऱ्या वळणाला हिसका बसला का रे?"

"बाबा, मी लेना."

तो हसला. "तिची नक्कल तुला पहिल्यापासून छान जमते." मग त्याची नजर फलाटावरच्या फाटक्या पोत्यावर आणि सांडलेल्या वाळूवर गेली. तो गुडघ्यावर बसला. "अरेरे," तो हळूच म्हणाला. "लेना फाटली."

मी ओरडायला हवं होतं. त्याला धरून हलवायला हवं होतं. पण त्याने पट्ट्यातला हातोडा काढून माझ्या हातात दिला होता. त्याच्या आज्याचा, मूठ झिजून काळी झालेली. मला तो पहिल्यांदाच हाताळायला मिळत होता.

त्याने कोपऱ्यातून एक कोरं पोतं आणलं आणि ओंजळीने वाळू भरायला लागला.

"किती भरायची रे ती?"

"…पंचावन्न," मी म्हटलं.

सोमवारी यंत्रं आली. अकरा दिवसांत मेबल झोपली. आम्ही दोघं कुंपणाशी उभे राहून बघत होतो, त्याचा हात माझ्या खांद्यावर. आता रोज सकाळी तो मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर सांधे शिकवतो. लाकडाची रेषा कुठे चुकते, बोल्टला कान कसा लावायचा. पाडून टाकलेल्या कोस्टरचं काम शिकतेय मी. समोरच्या मिसेस फेटरमन, ओरिनच्या आई, परवा ताटलीत बटाट्याच्या पोळ्या घेऊन आल्या, दारात माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बारीक झालास रे." त्यांना तर खोकला नाही, ताप नाही, डोकंही शाबूत आहे.

मी ताटली घेतली. पोळ्या खाल्ल्या.

हे सगळं मला चाललं असतं. मला हवं होतं ते मिळालं होतं ना. पण बाबाने ते पोतं घरी आणलंय, खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत बसवलंय. त्याच्यावर त्याने रंगाने माझं नाव लिहिलंय, बाकदार अक्षरात, सावकाश. मला शिकवून झालं की तो त्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसतो आणि बोलतो. काल मी दाराआडून ऐकलं.

"तुझ्या हातात कला होती, लेना," तो म्हणत होता. "ओरिनपेक्षा जास्त. कधी म्हटलं नाही मी. तुझ्या फळ्या बघितल्या मी… एकही हलली नाही."

वीस वर्षं मी ह्या चार वाक्यांसाठी उन्हातान्हात उभी राहिले, आणि म्हातारड्याने ती पोत्याला सांगितली. इतका मत्सर मला ओरिनचाही कधी वाटला नव्हता.

आज तो डॉक्टरकडे गेल्यावर मी सुरी घेऊन त्या खुर्चीपाशी गेले. ह्या वेळी वाळू ओढ्यात सोडायची, अगदी शेवटच्या कणापर्यंत, असं ठरवून. पोतं हाताला गरम लागलं. टाके नीट होते, एकसारखे, बाबाच्या हातचे. शेवटची गाठ सापडली की तिथून उसवावं म्हणून मी बोट फिरवत गेले. वरून खाली, खालून वर, दोनदा, तीनदा.

गाठ बाहेर कुठेच नाही. ती आतून मारलेली आहे.