अर्धी भाकरी आणि अडीच सेकंद

अर्ध्याला पावने भागलं की उत्तर येतं दोन. पण भागल्यावर संख्या लहान व्हायला हवी ना? मग ही वाढली कशी? माझं डोकं पार चक्रावलं होतं.

मी ऋजुता धुमाळ, राहणार चंद्र. आमच्या वस्तीवर आम्ही सात मुलं. शिकवणाऱ्या हिंगमिरे बाई मात्र पृथ्वीवर, साताऱ्यात. त्या आम्हाला पडद्यावर दिसतात. आमच्याकडून फक्त आवाज जातो. बाई छानच शिकवतात. शेवटी विचारतात, "समजलं का?" आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, "होऽऽ." समजो न समजो, हो म्हणायचंच असतं. आईसुद्धा तिच्या शाळेत असंच म्हणायची म्हणे.

आजही म्हटलं. आता उद्या नवा धडा, आणि हे राहिलं ते राहिलंच. बाकी सगळ्यांना समजलंय, मी एकटीच ढ, असं वाटून मला रडूच येत होतं.

जेवताना आजोबांनी विचारलं, "काय गं, कुठे अडलंय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मघापासून एकच घास पिठल्यात बुडवतेयस."

आजोबा संदेश-शास्त्रज्ञ (दूरवर पाठवलेला निरोप नीट पोहोचतो ना, हे पाहणारे). मी सगळं सांगितलं. त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. "प्रत्येकाला पाव द्यायची. किती जणांना पुरेल?"

"दोघांना. अय्या, म्हणजे दोन भाकऱ्या नाहीत, दोन वाटे." मग मी पुन्हा अडले. "आणि पावला अर्ध्याने भागलं तर?"

"ते बाईंना विचार. त्यांच्यासारखं समजावणं मला जमायचं नाही."

"पण सगळे हो म्हणतात, आजोबा."

"मी पृथ्वीवर आकडा पाठवतो ना, तेव्हा नुसतं 'मिळाला का?' विचारत नाही. वाटेत आकडा बिघडला तरी समोरचा हो म्हणेलच. म्हणून त्याला मिळालेला आकडाच उलट पाठवायला सांगतो. याला म्हणतात प्रत्याभरण (पाठवलेल्याचं पुढे काय झालं, याची परत येणारी खबर). मी जवळ होतो, तुझं तोंड पाहून मला खबर मिळाली. बाईंना तुझ्या 'हो'शिवाय काय मिळतं?"

"मग लांबून शिकूच नये?" मी आणखीच गोंधळले.

"असं कुठे म्हटलं? धडा बाईंचा, लक्ष जवळच्या माणसाचं. दोन्ही लागतं, वेडाबाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "कालचं समजलंय ना?"

"होऽऽ," सगळे म्हणाले.

"नाही, बाई," मी म्हटलं.

आमचा आवाज पृथ्वीवर जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझे कान तापले. शेजारची ओवी हळूच म्हणाली, "मलापण नाही." मग मागून कुणीतरी म्हणालं, मग आणखी कुणी.

पडद्यावर बाई म्हणाल्या, "बरं झालं बोललीस. जेवढं समजलं, तेवढं मला उलट सांग." तेवढ्यात बाकीच्यांचे 'मलापण नाही' तिकडे पोहोचले असावेत, कारण बाई हसल्या आणि त्यांनी फळ्यावरचं नव्या धड्याचं नाव पुसून टाकलं.

आता आम्ही सातही जण दर शुक्रवारी आजोबांच्या टेबलाभोवती अडलेली गणितं घेऊन बसतो. आणि बाई 'समजलं का?' विचारतच नाहीत. विचारतात, "आज मला कोण शिकवतंय?"

मी हात वर करते. मग आठवतं, त्यांना दिसत नाही, आणि जोरात म्हणते, "मी, बाई."