न जोडलेली चार बटणं

या, असे जवळ येऊन बसा. तिकडे दाराशी नको. आवाज चढवून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, आणि एकदा सुरू केली की मला मध्ये थांबवू नका.

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. मी तिथे होतो. टेबलाच्या या बाजूला मी बसलो होतो... आणि त्या बाजूला काय होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही रविवारच्या दुपारची आहे. खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती चालू होत नव्हती.

घर माझ्या ताईचं. दाजींना जाऊन दोन महिने झाले होते. कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचे. एके दिवशी कामावरच छातीत कळ आली आणि माणूस संपला.

मागे राहिली ताई, माझी भाची ठकी... आणि तो डबा.

डबा म्हणजे खेळायचा डबा. बाजारात मिळतात ना हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम, तसला. पण दाजींनी तो घरी बनवला होता. गाडीच्या मागच्या कॅमेऱ्याचा जुना स्क्रीन, मोबाईलची बॅटरी, एक छोटा बोर्ड आणि पुष्कळ वायरी. कारण काय, तर ठकीचा उजवा हात जन्मापासून चालत नाही. खांद्यापासून नुसता लोंबतो. विकतच्या खेळात उडी मारायची, ठोसा मारायची बटणं उजवीकडे असतात. ती दाजींनी डब्याच्या पाठीला बसवली, नेमकी ठकीच्या डाव्या हाताची बोटं जिथे पडतात तिथे.

एका हाताने पोरगी असं खेळायची की गल्लीतली पोरं तोंडात बोट घालायची.

दाजी गेले आणि काही दिवसांत डबा बिघडला. जरा तिरका केला की स्क्रीन पांढरा पडायचा. मग तोही बंद झाला. ठकीने बंद डबा मांडीवर घेऊन बसायला सुरुवात केली. शाळेतून यायची, डबा घ्यायची, गप्प. ताई म्हणायची, "हिचे बाबा गेले तेव्हा ही बोलत होती रे. डबा गेला तशी बोलायची थांबली."

म्हणून काकांना बोलावलं.

काका म्हणजे दाजींचे धाकटे भाऊ. एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासतात. हाताखाली माणसं आहेत. माणूस वाईट नाही, हे मी देवाला स्मरून सांगतो. पण त्या दिवशी जो राग माझ्या डोक्यात गेला, तो अजून उतरलेला नाही.

काकांनी पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली. वारा लागला की डाग नीट बसत नाही म्हणाले. डाग म्हणजे सोल्डरचा टाका, वायर जोडायला धातू वितळवून दिलेला. मी शिंपी, मला टाका कळतो.

डबा उघडला आणि काका हसले.

"हे वायरिंग आहे की केसांचा गुंता? मामा, हे डाग बघा. कसे राखाडी, खडबडीत आहेत. दादाची खोड. डाग दिला की फुंकर मारायचा. हजारदा सांगितलं, फुंकू नकोस, आपोआप थंड होऊ दे. फुंकलं की डाग कच्चा राहतो, तडकतो."

खरं होतं. दाजी फुंकायचेच. गरम टाक्यावर ओठ चंबू करून हळूच... फू. ठकीला खरचटलं तरी तसंच फुंकायचे.

बिघाड मिनिटात सापडला. बॅटरीच्या वायरीचा डाग तडकला होता. काकांनी गरम टोक टेकवलं आणि स्क्रीन उजळला. ठकीचा चेहरा पण.

इथे थांबायला हवं होतं.

ऐकताय ना? इथेच थांबायला हवं होतं त्या माणसाने.

"आणि ही चार बटणं बघा," काका म्हणाले. डब्याच्या तोंडावर, उजव्या बाजूला, चार रंगीत बटणं होती. "यांना वायरच नाही. दादा जोडायलाच विसरला."

"विसरले नाहीत," ठकी म्हणाली.

कितीतरी दिवसांनी ती बोलली होती. आत ताईच्या हातातलं भांडं थांबलं.

"ती नुसती दाखवायला आहेत. माझा उजवा अंगठा ठेवायला. बाबा म्हणाले, तुझा पण डबा सगळ्यांसारखा दिसला पाहिजे."

मी बाहीने डोळे टिपले. काकांनी नुसती मान हलवली.

"हेच ते. दादाने लाड केले म्हणून हात तसाच राहिला. बटणं पाठीवरून काढून इथे जोडली की झक मारत हात वापरावा लागेल. वापरला की बळ येईल."

मी म्हणालो, "काका, डॉक्टर काय म्हणालेत ते तुम्हाला माहीत आहे."

"मामा, तुम्ही शिलाई मशीन सांभाळा."

"सांभाळतोच. पण दुसऱ्याची शिवण उसवायच्या आधी आम्ही विचारतो."

त्यांनी विचारलं नाही. कटर घेतलं.

कट. कट. कट. कट.

पाठीच्या बटणांच्या चारही वायरी टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडल्या. ठकी रडली नाही. तिने डावा हात टेबलाखाली नेला आणि आपला उजवा हात घट्ट धरला. ते बघून माझं रक्त असं उसळलं की मी खुर्ची मागे सारून उठलो.

आणि तेवढ्यात...

फू.

अगदी हळू. टेबलाच्या त्या बाजूने. तिथली खुर्ची रिकामी होती.

काकांनी मान वर केली नाही. नव्या वायरी घेतल्या, पुढच्या बटणांना डाग दिले. चकचकीत, आरशासारखे डाग. मग मीटर घेतला. त्याला दोन टोकदार काड्या असतात. ज्या दोन जागा आतून जोडलेल्या असतील त्यांना टेकवल्या की तो वाजतो. नसतील तर गप्प.

काकांनी एक काडी बटणाला लावली, दुसरी बोर्डाला. मध्ये नवी कोरी वायर.

मीटर गप्प.

दुसरं बटण. गप्प. तिसरं, चौथं... गप्प.

"मीटरच गेला की काय," म्हणत त्यांनी दोन्ही काड्या एकमेकींना टेकवल्या. वाजला. मग वैतागून एक काडी पाठीच्या बटणाला लावली, जिथली वायर त्यांनीच कापली होती. दुसरी बोर्डाला.

मध्ये काहीही नव्हतं. वायर वर्तमानपत्रावर पडली होती, मला दिसत होती.

बीऽऽऽप.

काकांनी काडी उचलली. पुन्हा टेकवली.

बीऽऽऽप.

खाली स्कूटरला किक मारायचं केव्हा थांबलं मला कळलं नाही. घरात एवढी शांतता झाली की पाण्याच्या नळाचा थेंबही ऐकू आला असता. पण थेंबही पडत नव्हता.

"गरम झालाय बोर्ड," काका म्हणाले. आवाज मात्र त्यांचा राहिला नव्हता. "पुन्हा डाग देतो."

गरम टोक लागलं. धुराची बारीक रेघ सरळ वर निघाली. खिडकी बंद, पंखा बंद, आम्ही श्वास रोखलेला...

आणि ती रेघ वाकली.

काकांच्या तोंडाकडे वाकली.

फू.

आमच्या डोळ्यांदेखत तो चकचकीत डाग राखाडी पडला. तडकला. वायर सुटून वर आली, कुणी चिमटीत धरून उपटावी तशी.

"कोण फुंकतंय? मामा, ही चेष्टा आहे का?"

"मी तोंड मिटून उभा आहे."

त्यांनी हट्टाने पुन्हा टोक टेकवलं. या वेळची फुंकर हळू नव्हती. वर्तमानपत्राचा कोपरा फडफडला. चारही वायरी एकदम सुटल्या. आणि मी तो आवाज ओळखला, पण असा कधी ऐकला नव्हता. आयुष्यात कधी न रागावलेल्या माणसाचा राग होता तो.

काकांच्या हातातून सोल्डरिंग आयर्न टेबलावर पडलं.

"उचला ना, टेबल जळेल," मी म्हणालो.

ते उचलत नव्हते. आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा वळत नव्हता. मग बोटं. मग मनगट खाली गेलं आणि आख्खा हात खुर्चीच्या बाजूला लोंबला. नुसता लोंबला.

ठकी पुढे आली. तो हात निरखून बघत म्हणाली, "माझा पण असाच असतो, काका. घाबरू नकोस. दुखत नाही."

काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला दया यायला हवी होती. आली नाही. देवाने मला त्याची क्षमा करावी.

ताई आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. आवाज चढवला नाही.

"जसं होतं तसं करून द्या."

"वहिनी... हात उचलत नाहीये."

"डाव्याने करा. ती करते ना?"

मग काकांनी डाव्या हाताने आपल्या नव्या वायरी काढल्या. ठकीने वर्तमानपत्रावरून बाबांची एकेक वायर उचलून डाव्या हाताने जागेवर धरली. काकांना डाव्या हाताची सवय नव्हती, सोल्डर इकडेतिकडे सांडत होतं. दोन डावे हात, एक टाका.

आणि प्रत्येक टाक्यावर, कुणाचेही ओठ न हलता...

फू.

आता मात्र हळू. खरचटलेल्या जागी मारतात तशी.

चारही डाग राखाडी, खडबडीत, कच्चे झाले. काकांच्या हिशोबाने ते आठवडाभरही टिकायचे नव्हते. आज दोन वर्षं झाली. डबा कितीदा पडला. एकही डाग तडकलेला नाही.

काकांचा हात दिवेलागणीला परत आला. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असेल. असेल. अंगठा अजून पूर्ण वळत नाही, चहाचा कप डाव्या हाताने धरतात.

तुम्हाला वाटेल संपलं. मलाही वाटलं होतं.

मागच्या महिन्यात मी ताईकडे गेलो होतो. ठकी खेळत होती. उजवा हात तिने मांडीवर ठेवला होता, बटणांपासून लांब. आणि मला आवाज आला... टक. टक.

डब्याच्या तोंडावरची ती चार बटणं. कशालाच न जोडलेली.

एकेक करून दबत होती.

"ठकी... हे काय गं?"

"बाबा," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "त्यांचं ते, माझं हे."

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. काका आले होते. दार वाजायच्या आधीच ती टकटक वाढली. भराभर. जोरात. एखाद्याने दात खावेत तशी.

राग गेलेला नाही अजून.

मी रोज देवासमोर बसतो. म्हणतो, दाजींचा राग शांत कर, त्यांना पुढे जाऊ दे. आणि म्हणता म्हणता जीभ अडखळते. राग शांत झाला, आणि दाजीही निघून गेले... तर ठकीचे ते कच्चे डाग कोण धरून ठेवणार?

म्हणून हल्ली मी प्रार्थना अर्धीच सोडतो. बरोबर करतो की चूक, माहीत नाही. झोप लागत नाही.

उठायच्या आधी एक मागणं आहे. माझ्या दाजींची आठवण ठेवा. कुणी आपल्या लेकरासाठी काहीतरी वेडंवाकडं जोडून ठेवलेलं दिसलं, तर हात लावण्याआधी त्यांना मनातल्या मनात एकदा आठवा.

फुंकर मात्र मारू नका.

ती त्यांची आहे.