जात होता की येत होता

हसायचं असेल त्यानं आधीच उठून जावं. रूपला आमच्या शेतावर कामाला यायचा, आणि त्याला खोटं बोलता येत नसे. खोटं बोलायला याद लागते, आणि त्याच्याकडे तिचेच तर वांधे होते.

त्याला फेफरं होतं. झटका येऊन गेला की मागचं-पुढचं सगळं पुसून जायचं. आपण जेवलो का, बैल पाजले का, हेही दुसऱ्याला विचारावं लागे. लोक सांगतील ते खरं धरायचं, याची त्याला भारी चीड होती.

सन पंचावन्न, संक्रांतीच्या करीची रात्र. करीला कुणी गाव सोडत नाही. पण केनवडजवळच्या तांड्यात त्याच्या बायकोला, चंदाबाईला, कळा लागल्या. पोर आडवं आलं होतं, आणि बाकीचे गडी आधीच पोहरादेवीच्या दर्शनाला गेलेले.

"तुले याद राह्यते का रे?" त्याची आई रामीबाई कावली. "दाईले बलावाचं सोडून भलतीकडेच जाशीन!"

"याडी, बायको माही हाये. नाई इसरत," म्हणत रूपलानं घोंगडं डोक्यावरून घेतलं आणि कंदील उचलला.

डोळे उघडले तेव्हा तो अर्ध्या वाटेवरच्या लिंबाखाली पडला होता. जीभ चावलेली. कंदील फुटून विझलेला. मुठीत काहीतरी लोखंडाचं होतं. त्याचं नवल नव्हतं. फेफरं आलेल्याच्या मुठीत येणारा-जाणारा लोखंड देतोच. भूतही लोखंडाला भितं म्हणतात. त्यानं ते अंधारातच कनवटीला खोवलं.

खरा घोर निराळाच होता. आपण जात होतो की येत होतो? केनवडच्या सुलतानबी दाईला सांगितलं की नाही? एका अंगाला केनवड, दुसऱ्या अंगाला तांडा. आठवेना. त्यानं कपाळ बडवलं, स्वतःला शिव्या घातल्या. तिकडं बायको मरत असेल, आणि इथं डोक्यात नुसता अंधार... शेवटी तो केनवडकडं पळत सुटला.

दाईच्या दाराला कुलूप. शेजारचा जब्बार बाहेर आला.

"मघाच तर तूच घेऊन गेलता ना तिले! इसरला?"

पुन्हा तेच. इसरला. रूपलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडणार कशाच्या जोरावर? तो उलटा पळाला.

तांड्यात पोरगी रडत होती. चंदाबाई जिवंत होती.  सुलतानबी दारात हात धूत होती.

"तू कंदील धरून पुढं चालला, एक शब्द नाई बोलला," ती म्हणाली. "अन् दारापाशी आल्यावर कुठी गेलता?"

"मी... आलतो?"

"इसरला," रामीबाई म्हणाली.

"अन् लिंबाखाली थो पडला होता, त्याचं काय झालं रे?" सुलतानबीनं विचारलं.

"कोन?"

"तोंडावर घोंगडं होतं त्याच्या. झटके देत होता. म्या तुले म्हटलं, याच्या मुठीत लोखंड दे. तू... मांगं सरकला. मंग म्याच माहा अडकित्ता देल्ला."





रूपलानं कनवट सोडली. चिमणीच्या उजेडात अडकित्ता पुढं धरला.

सुलतानबीनं ओळखला. घ्यायला हात मात्र पुढं केला नाही.

"मंग माह्यापुढं..."

तो अडकित्ता आजही त्या पोरीच्या घरी आहे. त्यानं सुपारी कुणी कातरत नाही.