दोन चमचे साखर

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून जोहे गावातली सरूकाकी शेजारच्या ठमाबाईंकडे रोज पिठलं-भाताचा डबा घेऊन जायची. तशी ती डबा नसता तरी गेलीच असती. कुणाच्या घरात काय चाललंय हे बघितल्याशिवाय तिला जेवण पचत नसे, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं.

ठमाबाईंचे यजमान कमळाकर गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे. पेणच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली, डोक्याला मार बसला आणि डॉक्टरांनी मेंदू गेल्याचं सांगितलं. त्यांची मुलगी नम्रता मुंबईत मधुमेहाच्या प्रयोगशाळेत कामाला. तिनंच आईला समजावून अवयव दान केले. यकृत एकाला, डोळे दोघांना. स्वादुपिंड तेवढं साखरेच्या दुखण्यातलं. ते कुणाला बसवता येईना, म्हणून नम्रताच्याच प्रयोगशाळेत गेलं.

नवव्या दिवशी दुपारी सरूकाकी डबा घेऊन गेली, तेव्हा नम्रता लॅपटॉपपाशी बसली होती. काळ्या पडद्यावर करड्या ठिपक्यांचा नुसता घोस.

"काय गो बघतेस?"

"बाबांच्या पेशी हायत, काकी. तिकडं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यात, त्या इथं दिसतात. जिवंत."

"जिवंत म्हंजे?"

"इन्सुलिन करणाऱ्या पेशी. साखरेचं पाणी सोडलं की कामाला लागतात, मग त्यांच्यात घातलेला रंग हिरवा चमकतो. भांड्यावर नाव नसतं, नुसता नंबर. पण त्या रात्री आलेलं स्वादुपिंड एकच..." नम्रतानं पडद्यावर बोट टेकवलं. "फार तर दोन आठवडे जगतील."

"मग तोंड का असं उतरलेलं?"

"साखर न देताच चमकतात, काकी. रोज चार वाजता."

भिंतीवरच्या घड्याळात चाराला दोन मिनिटं कमी होती. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. मग मधला एक ठिपका हिरवा झाला. त्याच्या शेजारचा. मग सगळाच घोस.

"बघ... कुणी काय घातलं नाय."

सरूकाकीनं पुन्हा घड्याळाकडे बघितलं. आठ वर्षं रोज चारला कमळाकर कारखान्याच्या मागल्या दारानं तिच्या ओट्यावर यायचे. "ठमीला सांगू नको हां, वयनी. गोड चहा पोटात गेल्याबिगर हात थिर राहत नाय. गणपती चकणा झाला तर पाप तुला!" असं म्हणून हसायचे. दोन चमचे साखर. तिकडं डॉक्टर गोळ्या वाढवत होता, इकडं सरूकाकी साखर ढवळत होती. एरवी सगळ्या गावाच्या बातम्या सांगणाऱ्या तिनं ही एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती.

दहाव्याला खाडीकाठी पिंड मांडले. झाडावर कावळे ओळीनं बसलेले, पण एक खाली येईना.

"कारखाना बंद पडू देणार नाय, दादा," कमळाकरांचा धाकटा भाऊ महिपती म्हणाला. कावळे हलले नाहीत.

"नम्रताचं लगीन थाटात करू." तरी नाही.

ठमाबाई रडू लागल्या. "काय ऱ्हायलं वो तुमचं?"

ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. सरूकाकी मागं बांधावर उभी होती. बोलावं तर आठ वर्षांचं बिंग फुटणार, न बोलावं तर भावजी अडकून राहणार. शेवटी ती पुढं गेली, पिंडासमोर वाकली आणि ओठातल्या ओठात म्हणाली, "रोज चारला ठेवीन. दोन चमचे."

ती सरळ उभी राहायच्या आत कावळा पिंडाला शिवला.

त्या दिवसापासून ती चारला ओट्यावर भिंतीकडेला चहाचा कप ठेवू लागली. संध्याकाळी कप जसाच्या तसा भरलेला, वर साय धरलेली. वाया कशाला घालवायचा म्हणून एकदा तिनं घोट घेतला. चहा पार अगोड होता.

दोन आठवडे गेले, महिना गेला. नम्रताचा फोन यायचा, "अजून जित्या हायत, काकी. आमचे सर पण चक्रावलेत." सरूकाकी नुसतं हं म्हणायची.

मग अष्टमी गावाहून लेकीचा, पूजाचा निरोप आला. तिचे दिवस भरत आले होते. दीड महिना तरी तिकडं राहावं लागणार, आणि तेवढे दिवस इथं चारला कप कोण ठेवणार? सरूकाकीनं पिशवी भरून दाराआड ठेवली. निघायच्या आदल्या दिवशी साखरेच्या डब्यात तळाला एकच चमचा निघाला. एका दिवसानं काय होतंय, म्हणून तिनं तेवढीच घातली.

दिवेलागणीला फोन वाजला.

"काकी, आज निम्म्याच चमकल्या. बाकीच्या करड्याच ऱ्हायल्या. काय झालं कुणाला कळत नाय."

सरूकाकीनं फोन ठेवला आणि कप आणायला ओट्यावर गेली. भिंतीकडेला चहाचं ओलं वर्तुळ तेवढं होतं. ती मागं वळली.

कप उंबऱ्याच्या आत होता. अष्टमीला न्यायच्या पिशवीला टेकलेला, काठोकाठ भरलेला, आणि त्यातून अजून वाफ निघत होती.